ब्रिगेनच्या पुढे, सेंट यॉर्गेनपर्यंत

बर्गनचं कुठलंही पोस्टकार्ड घ्या, चित्र ठरलेलं. बंदराच्या पाण्याकडे तोंड करून उभी असलेली टोकदार छपरांची लाकडी घरं, एक तांबडं, एक पिवळं, एक पांढरं, काही चक्क शेजाऱ्याच्या अंगावर रेललेली. हे ब्रिगेन. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरलेला माणूस इथे फोटो काढल्याशिवाय पुढे जात नाही, आणि गावातल्या बऱ्याचशा पायी फेऱ्याही इथून निघून मासळी बाजारापाशी संपतात. आम्ही घेतलेली फेरी मासळी बाजार ओलांडून कॅथेड्रलवरून पुढे गेली आणि एका जुन्या इस्पितळाच्या अंगणात संपली. त्या इस्पितळाशिवाय ब्रिगेन मला अर्धंच कळलं असतं, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

आमच्या गाइड बाई निवृत्त शिक्षिका होत्या. जन्म बर्गनमधला आणि आयुष्यही तिथेच गेलेलं. पाऊस पडत होता, हे बर्गनबद्दल लिहिताना वेगळं सांगायला नको. सात डोंगरांच्या कुशीतल्या या गावावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आपल्या कोकणात याहून अधिक कोसळतो, पण तो चार महिन्यांत आवरतं घेतो. इथे मात्र बारा महिन्यांत वाटून पडतो. बाईंनी पहिली सूचना केली ती छत्र्या मिटायची. ब्रिगेनच्या गल्ल्यांमध्ये छत्री उघडून दोन माणसं शेजारून जाऊच शकत नाहीत.

सुरुवात किल्ल्यातल्या हाकोनच्या सभागृहापासून झाली. राजा हाकोन हाकोनसनने तेराव्या शतकात बांधलेलं हे दगडी दालन. १२६१ साली त्याच्या मुलाचं, मॅग्नसचं लग्न इथे झालं, तेव्हा बर्गन हे नॉर्वेतलं सर्वांत मोठं गाव होतं. तिथे आम्ही फार रेंगाळलो नाही. राजे सगळीकडे असतात, माझा जीव अडकला तो गल्ल्यांमध्ये.

दोन लांबलचक लाकडी इमारती समोरासमोर आणि मध्ये फळ्यांनी झाकलेली अरुंद वाट. वर पाहिलं तर दोन्हीकडचे सज्जे एकमेकांकडे झुकलेले आणि मध्ये आभाळाची एक पट्टी. डांबराचा आणि ओल्या लाकडाचा वास. बाईंनी एका भिंतीवर हात ठेवायला सांगितलं. फळीवर बोट फिरवलं तर कुऱ्हाडीचे घाव लागत होते, उथळ, एकाच तिरक्या दिशेने गेलेले. शेजारची फळी गुळगुळीत होती. ती अलीकडची, रंधा मारलेली. जुनं कुठलं आणि दुरुस्तीचं कुठलं हे डोळ्यांआधी बोटांना कळत होतं. आता इथली डागडुजी करणारे सुतारही शक्य तिथे जुन्याच पद्धतीने, जुन्याच प्रकारच्या अवजारांनी काम करतात.

इथे साधारण १३६० पासून जर्मन व्यापाऱ्यांचं ठाणं होतं. ल्युबेक आणि उत्तर जर्मनीतल्या इतर शहरांचा जो हान्सा व्यापारी संघ होता, त्याच्या परदेशातल्या चार मोठ्या ठाण्यांपैकी हे एक. बाकीची लंडन, ब्रुग आणि नोवगोरोद इथे होती. ठाण्यात फक्त पुरुष राहायचे. मिसरूड न फुटलेली पोरं उमेदवारीला यायची, कपाटासारख्या दार लावायच्या बिछान्यांत दोघं-दोघं झोपायची. लग्न करायला बंदी. आणि या लाकडी इमारतींमध्ये शेकोटी तर सोडाच, दिवा लावायचीही मनाई. बर्गनच्या हिवाळ्यात! उब, गरम अन्न, उजेड, शिकवणी, दारू आणि भांडणं हे सगळं मागच्या बाजूच्या वेगळ्या सभाघरांत. तिथे मात्र चूल पेटवायची मुभा होती. अगदीच मोलाचा माल ठेवायला मागे दगडी तळघरं होती.

एवढी काळजी घेऊनही हे गाव पुन्हापुन्हा जळलं. १७०२ च्या आगीत ब्रिगेनची राख झाली. लोकांनी ते परत बांधलं, पण कसं? त्याच जागेवर, त्याच मापात, त्याच गल्ल्या ठेवून. म्हणजे आज दिसतात त्या इमारती अठराव्या शतकातल्या, पण त्यांचा आराखडा मध्ययुगातला. माणसं राखेवर उभी राहून ‘माझी भिंत इथपर्यंत होती’ असं सांगत असतील आणि शेजारी मान डोलावत असेल, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. २० एप्रिल १९४४ ला बंदरात स्फोटकांनी भरलेलं एक डच जहाज फुटलं, शेकडोंच्या घरांची छपरं उडाली, ब्रिगेनही खिळखिळं झालं. आणि १९५५ मध्ये पुन्हा आग लागून त्याचा मोठा भाग गेला. आज साठेक इमारती उरल्या आहेत. १९७९ पासून त्या युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

१९५५ च्या आगीने एक वेगळीच गोष्ट वर आणली. जळालेल्या जागेवर पुरातत्त्वज्ञ आस्ब्योर्न हर्टेग यांनी वर्षानुवर्षं उत्खनन केलं आणि चिखलातून रूनिक लिपी, म्हणजे उत्तर युरोपातली जुनी अक्षरं, कोरलेल्या सहाशेहून अधिक वस्तू निघाल्या. त्यात राजांच्या आज्ञा नव्हत्या. लाकडाच्या काटक्यांवर चाकूने कोरलेली रोजची बोलणी होती: मालावर बांधायच्या मालकाच्या नावाच्या चिठ्ठ्या, प्रार्थना, प्रेमाच्या ओळी, शिव्या. एका काटकीवर लिहिलंय, ‘ग्युडा म्हणते, तू घरी ये.’ कुठल्या तरी दारूच्या अड्ड्यावर बसलेल्या माणसाला बायकोने धाडलेला निरोप असावा, असं अभ्यासक मानतात. बाईंनी हे वाक्य जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे त्या काळच्या तिथल्या भाषेत, म्हणून दाखवलं तेव्हा आमच्यातली सगळीच माणसं हसली. राजपुत्राच्या लग्नाची सनावळी मी वहीत टिपून घेतली होती, ग्युडाला टिपून घ्यायची गरजच पडली नाही.

ब्रिगेनवरची ही सगळी श्रीमंती सुक्या माशाची. उत्तरेला, आर्क्टिक वर्तुळाच्याही पलीकडे लोफोटेन बेटांवर हिवाळ्यात कॉड मासा अंडी घालायला येतो. तो पकडून, डोकं छाटून, साफ करून, शेपट्यांनी दोन-दोन मासे जोडून लाकडी मांडवांवर टांगतात. फेब्रुवारीपासून मेपर्यंत. मीठ लावत नाहीत. तिथली हवा गोठणबिंदूच्या आसपास असते, त्यामुळे मासा सडत नाही, माश्या बसत नाहीत आणि वारा हळूहळू त्यातलं पाणी ओढून घेतो. वर्सोव्याला किंवा सातपाटीला वलांड्यांवर वाळणारे बोंबील पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. फक्त आपल्याकडे ऊन जे काम करतं ते तिथे गार वारा करतो. तयार झालेला मासा लाकडासारखा टणक होतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. उपासाच्या दिवसांत मांस वर्ज्य असलेल्या ख्रिस्ती युरोपला असा मासा हवाच होता.

मासे घेऊन उत्तरेचे कोळी शिडाच्या होड्यांतून बर्गनला यायचे आणि परत जाताना धान्य न्यायचे. उत्तरेत पुरेसं धान्य पिकत नाही. व्यापारी त्यांना पुढच्या वर्षीच्या माशांवर धान्य उधार द्यायचे. उधारी फिटायची नाही, आणि उधारी आहे तोवर दुसऱ्या व्यापाऱ्याकडे माल नेता यायचा नाही. बापाचं देणं मुलाच्या डोक्यावर यायचं. ही व्यवस्था दुष्काळात कोळ्याला जगवायचीही आणि कायमची बांधूनही ठेवायची. बाईंनी दोन्ही बाजू सारख्याच आवाजात सांगितल्या. एका अमेरिकन गृहस्थांनी विचारलं, ‘म्हणजे हे व्यापारी चांगले होते की वाईट?’ त्यावर त्या म्हणाल्या, ‘वह्या कोणाकडे होत्या ते बघा.’

मारियाकिर्केन हे बाराव्या शतकातलं दगडी चर्च ब्रिगेनच्या पाठीशीच आहे. पंधराव्या शतकापासून साडेतीनशे वर्षं ते जर्मन व्यापाऱ्यांचं होतं. आतलं व्यासपीठ इतकं नटलेलं आहे की बाहेरच्या साध्या भिंती पाहून त्याचा पत्ता लागू नये. तिथून मासळी बाजार. तिथे आता कोळी कमी आणि पर्यटकच जास्त, म्हणून पुढे जाऊ.

कॅथेड्रलच्या मनोऱ्याच्या भिंतीत एक तोफगोळा रुतलेला आहे. १६६५ च्या ऑगस्टमधला. ईस्ट इंडीजहून मिरी-मसाले आणि इतर मौल्यवान माल भरून परतणारी डच जहाजं इंग्रजांना चुकवत इथे आसऱ्याला आली, इंग्रज आरमाराने भर बंदरात हल्ला केला, आणि एक गोळा भरकटून देवळात घुसला. आपल्याकडच्या समुद्रांवर ज्या मालासाठी मारामाऱ्या चालल्या होत्या, त्यातली एक इथवर, साठाव्या अक्षांशापर्यंत येऊन पोहोचली होती.

कॅथेड्रलपासून थोडंसं चाललं की रस्त्याला लागून एक पांढरी लाकडी इमारत येते. दारातून आत गेलं की अंगण, छोटं चर्च आणि लांबट दुमजली घर. सेंट यॉर्गेन इस्पितळ. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीपासून इथे कुष्ठरोगी राहत होते. १७०२ च्या आगीत हेही जळलं. आजची इमारत त्यानंतरची. आता ते संग्रहालय आहे आणि उन्हाळ्यातच उघडं असतं.

आत एक उंच लाकडी दालन आहे. त्याच्या भोवती खाली आणि वर सज्जावर ओळीने छोट्या-छोट्या खोल्या. एका खोलीत दोन माणसं. मी एका खोलीच्या मधोमध उभं राहून हात पसरले तर दोन्ही भिंती जवळ होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इथे शंभराहून जास्त रुग्ण दाटीवाटीने राहायचे, काही जण आयुष्यभर. ज्यांना जमायचं ते आपलं जेवण आपणच रांधायचे. उंबऱ्याची लाकडं मधोमध झिजून खोलगट झाली आहेत. बधिर पायांनी, फरफटत, रोज किती वेळा कोण गेलं असेल! १८१६ मध्ये इथल्याच पाद्र्याने, वेलहावेनने, या जागेला जिवंत माणसांची दफनभूमी म्हटलं होतं. ते वाचून डॉक्टरांचं आणि सरकारचं लक्ष इकडे वळायला बरीच वर्षं लागली, पण वळलं.

हे रुग्ण कोण होते? बहुतेक पश्चिम किनाऱ्यावरचे शेतकरी आणि कोळी. ज्या किनारपट्टीच्या माशांवर ब्रिगेन उभं राहिलं, तिथलीच गरीब माणसं. दोन्ही जागा एकाच फेरीत का हव्यात हे मला तिथे कळलं. शिवाय मासा त्यांच्या मागे इथेही आला होता: हा रोग कशाने होतो याच्या अनेक तर्कांमध्ये ‘खराब मासे खाल्ल्याने’ हा एक होता. जोनाथन हचिन्सन नावाच्या नावाजलेल्या इंग्रज डॉक्टरने तर विसाव्या शतकात येऊनही हा हट्ट सोडला नाही, आणि त्याचे पुरावे शोधायला तो हिंदुस्थानातही फिरला.

बर्गनचे डॉक्टर डॅनियलसेन यांचं मत वेगळं होतं. त्यांच्या मते हा रोग आनुवंशिक, रक्तातून येणारा. लागण होत नाही अशी त्यांची एवढी खात्री होती की त्यांनी रुग्णांच्या गाठींमधला अंश स्वतःला टोचून घेतला. त्यांना काही झालं नाही. त्यांच्याच हाताखाली आला गेरहार्ड आर्माउअर हॅन्सन. तो पुढे त्यांचा जावईही झाला. हॅन्सनने गावोगाव फिरून, रुग्णांची घरं पाहून ठरवलं की सासऱ्यांचं चुकतंय, हा संसर्गच असला पाहिजे. १८७३ च्या फेब्रुवारीत त्याला सूक्ष्मदर्शकाखाली गाठींतल्या पेशींमध्ये काडीसारखे जंतू दिसले. माणसाच्या एखाद्या जुनाट रोगाचं कारण म्हणून जंतूकडे बोट दाखवलं गेल्याचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण. जर्मन शास्त्रज्ञ कॉखने क्षयाचा जंतू जाहीर केला तो त्यानंतर नऊ वर्षांनी.

त्याला हे सुचलं त्यामागे एक वही होती. १८५६ पासून नॉर्वेने देशातल्या प्रत्येक कुष्ठरुग्णाची नोंद ठेवायला घेतली: नाव, गाव, रोग कधी सुरू झाला, घरात आणखी कोणाला आहे, माणूस कुठे गेला, कधी वारला. देशभरच्या एका रोगाच्या रुग्णांची अशी सलग नोंदवही जगात त्याआधी क्वचितच कुठे असेल. तिच्यात आठ हजारांहून जास्त माणसं आहेत. बर्गनमधली ही सारी दप्तरं २००१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत गेली. काचेखाली उघडून ठेवलेल्या पानांपुढे मी बराच वेळ उभा होतो. बारीक तिरकं अक्षर, आखलेले रकाने.

माझा मामा चंद्रपूर जिल्ह्यात कुष्ठरोग तंत्रज्ञ होता. सायकलवर पिशवी अडकवून गावं पालथी घालायचा. लहानपणी सुट्टीत मी त्याच्या मागे बसून गेलोय. अंगावरचा फिकट चट्टा दिसला की तो माणसाला डोळे मिटायला लावायचा, बॉलपेनचं टोक हलकेच टेकवायचा आणि विचारायचा, ‘कुठं लागलं, बोट ठेव.’ बोट जागेवर पडलं नाही की मामाचा चेहरा बदलायचा. मग रजिस्टर निघायचं. नाव लिहिताना तो दोनदा विचारून घ्यायचा, नाव चुकलं की माणूस हरवतो म्हणायचा. पुढे बहुविध औषधोपचाराची पाकिटं आली, त्या पाकिटांच्याही नोंदी. बर्गनचे ते रकाने पाहून माझ्या घशात काहीतरी दाटलं ते यामुळे.

इथवर हॅन्सनची गोष्ट गौरवाचीच होती. बाईंनी मग पुढचं सांगितलं. जंतू दिसला, पण तो रोग देतो हे सिद्ध करायचं तर प्रयोगशाळेत वाढवून दाखवायला हवा, आणि हा जंतू काही केल्या वाढेना. आजही तो कुठल्या बशीत किंवा परीक्षानळीत वाढत नाही. हॅन्सनचा धीर सुटला. १८७९ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने जवळच्याच दुसऱ्या कुष्ठधामातल्या एका बाईच्या डोळ्यात, दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला अंश लावलेलं शस्त्र टोचलं. तिला विचारलं नाही, कशासाठी ते सांगितलं नाही. तिचं नाव कारी नील्सडॅटर. कारीने तक्रार केली, धर्मोपदेशकाने ती पुढे नेली, आणि १८८० मध्ये बर्गनच्या न्यायालयाने हॅन्सनला दोषी ठरवून त्या इस्पितळातलं पद काढून घेतलं. देशाचा कुष्ठरोग विभागाचा मुख्य अधिकारी म्हणून मात्र तो १९१२ मध्ये मरेपर्यंत राहिला.

आमच्यातल्या कुणीतरी म्हणालं, त्या काळी असंच चालायचं. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘त्या काळच्याच न्यायाधीशांनी निकाल दिला.’

मला हे उत्तर फार मोलाचं वाटतं. गावातल्या एका गरीब, आजारी बाईने जगप्रसिद्ध होऊ घातलेल्या डॉक्टरविरुद्ध तोंड उघडलं आणि गावाच्या न्यायालयाने तिचं ऐकलं. बर्गनला हॅन्सनचा पुतळा आहे, असायलाच हवा. पण कारीचं नाव फेरीतल्या प्रत्येकाला सांगितलं जातं, हेही त्याच तोडीचं आहे. प्रयोग स्वतःवर करून घेणारे सासरे आणि दुसऱ्यावर करणारा जावई. त्यात सासऱ्यांचं मत चुकीचं आणि जावयाचं बरोबर. बाबा आमट्यांनी कुष्ठाचे जंतू स्वतःच्या अंगात टोचून घेतल्याचं आपण ऐकत आलोय. ती गोष्ट लहानपणी नुसती धाडसाची वाटायची. सेंट यॉर्गेनच्या अंगणात तिचा दुसरा अर्थ लागला: टोचायचंच तर कोणाला, हा प्रश्न बाबांनी स्वतःपुरता सोडवला होता.

नॉर्वेच्या १८८५ च्या कायद्याने रुग्णाला घरातच वेगळ्या खोलीत राहायची मुभा होती, ते जमत नसेल तर इस्पितळ. हिंदुस्थानात १८९८ चा कायदा आला तो मुख्यतः रस्त्यावरच्या निराधार रुग्णाला पोलिसांनी धरून नेण्याचा. जंतूचा शोध तोच, पण माणसाकडे बघायची नजर केवढी वेगळी! कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या कायद्यातून निघालं ते २०१९ मध्ये.

सेंट यॉर्गेनमधले शेवटचे दोन रुग्ण १९४६ मध्ये वारले. दोघंही पन्नासहून अधिक वर्षं तिथे राहिले होते. तेव्हा पहिलं परिणामकारक औषध नुकतंच वापरात येऊ लागलं होतं. आणि त्यानंतर तीनच वर्षांनी वरोऱ्याच्या माळावर आनंदवन उभं राहिलं.

परतल्यावर मी मामाला सगळं सांगितलं, नोंदवहीच्या पानांचे फोटो पाठवले. पंच्याहत्तरीला आला तरी नजर रजिस्टरवरच. त्याने पहिल्यांदा विचारलं, ‘हे भरायचं कोण?’ मी सांगितलं, गावोगावच्या आरोग्य समित्या आणि जिल्ह्याचे डॉक्टर. ‘आणि संपर्कातल्या माणसांचा रकाना कुठला?’ फोटो मोठा करून मी दाखवला. मग त्याने त्याच्या वेळच्या कार्डावरचे रकाने एकामागून एक तोंडपाठ सांगितले.

मुंबईत वडाळ्याला १८९० सालचं अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे, आणि तिथे संग्रहालयही आहे. हे उभारणारा पालिका आयुक्त अ‍ॅक्वर्थ, शाळिग्रामांच्या साथीने मराठी पोवाडे गोळा करून छापणारा तोच. फोर्टात, काळ्या घोड्यापाशी, बाणगंगेवर वारसा फेऱ्या निघतात. माझ्या माहितीतल्या कुणालाही वडाळ्याचं ठाऊक नाही. पोवाड्यांपासून सुरू होऊन कुष्ठधामात संपणारी फेरी मुंबईत निघायला हवी असं मला मनापासून वाटतं. मामाला विचारलं, येशील का बोलायला. गुडघे चालू देत नाहीत, पण खुर्ची मांडली तर दोन तास बोलेन म्हणाला. आता वडाळ्याला पत्र लिहायला घेतो आहे.